यकृताच्या कर्करोगातील संदेशवहन मार्ग आणि लक्ष्यवेधी उपचार : एक चिकित्सा

प्रस्तावना :
पेशीबाहेरील वाढीचा संदेश पृष्ठभागावरील ग्राही स्वीकारतात व प्रथिनांच्या साखळीद्वारे तो केंद्रकापर्यंत पोहोचतो. यकृताच्या कर्करोगात अशा मार्गांवरील नियंत्रण सुटते व पेशींची अनिर्बंध वाढ होते. साखळीतील एक कडी रोखल्यास वाढ थांबेल, हे लक्ष्यवेधी उपचारांमागील गृहीतक होय. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
सोराफेनिब हे औषध राफ किनेजला आणि नव्या रक्तवाहिन्यांच्या निर्मितीस चालना देणाऱ्या ग्राहींना रोखते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'शार्प' चाचणीतील ६०२ रुग्णांपैकी औषध घेणाऱ्यांचा मध्यक जीवितकाळ १०.७ महिने, तर इतरांचा ७.९ महिने होता. हे यश निर्विवाद असले तरी त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. चाचणीतील बहुतेकांचे यकृतकार्य चांगले होते. प्रत्यक्षात हा कर्करोग बहुधा सिरॉसिसग्रस्त यकृतातच उद्भवतो.

पुढे एमटॉर मार्ग रोखणारे एव्हरोलिमस २०१४ मधील चाचणीत जीवितकाळ वाढवू शकले नाही. मार्ग सक्रिय असणे म्हणजे अर्बुद त्यावरच अवलंबून असणे नव्हे, हा त्यातून मिळणारा धडा होय. या रोगात वारंवार आढळणाऱ्या टर्ट प्रवर्तक, टीपी-५३ व बीटा-कॅटेनिन यांच्या उत्परिवर्तनांवर थेट मारा करणारे मान्यताप्राप्त औषध यकृताच्या कर्करोगासाठी अद्याप नाही. याउलट, रामुसिरुमॅब सरसकट रुग्णांत अपयशी ठरले. मात्र २०१९ च्या चाचणीत रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन ४०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर वा अधिक असलेले रुग्ण निवडल्यावर त्याचा लाभ दिसला. तोही ७.३ वरून ८.५ महिने इतकाच. २०२० साली सोराफेनिबवर मात केली ती रक्तवाहिनी-निर्मिती रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅबला प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या अ‍ॅटेझोलिझुमॅबची जोड मिळाल्यावर.

प्रश्न केवळ रेणूंचा नाही. भारतात सोराफेनिबचा मासिक खर्च २,८०,४२८ रुपये होता. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईतून पेटंट नियंत्रकांनी देशातील पहिला सक्तीचा परवाना दिला व ती किंमत ८,८८० रुपयांवर आली. तोपर्यंत हे 'लक्ष्य' बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेरच होते.

निष्कर्ष :
संदेशवहन मार्गांचा अभ्यास उपचारांचा पाया आहे. परंतु मार्गाचा नकाशा म्हणजे उपचार नव्हे. कोणत्या रुग्णात कोणता मार्ग निर्णायक आहे, त्याचे यकृत औषध सोसेल काय आणि ते त्याला परवडेल काय, या तीन कसोट्यांवरच लक्ष्याचे मूल्य ठरवणे उचित होईल.