लग्न आधी की कायदा आधी?



संयोजकांचा फोन आला, विषय काय लिहू म्हणाले. मी सांगितलं, ‘समलिंगी विवाह आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल.’ पलीकडे थोडा वेळ काही आवाजच नाही. मग ते हळूच म्हणाले, ‘सर, गेवराईत?’ त्यांना दोष देत नाही. हा विषय मुंबई-दिल्लीचा, शिकल्यासवरल्या पैसेवाल्यांचा, असं केंद्र सरकारनेच न्यायालयात लिहून दिलं होतं. म्हणून मुद्दाम गेवराईत बोलतोय.

एखादं पुस्तक वाचून त्याची समीक्षा करावी, तशी मी आज एका निकालपत्राची करणार आहे. मी वकील नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा कलमांपेक्षा युक्तिवादाकडे बघणं ही माझी सवय. न्यायाधीशांनी कुठून सुरुवात केली, कुठे पोचले आणि मधल्या पायऱ्या भक्कम आहेत का, एवढंच बघू.

आधी घटना सांगतो. २०१८ च्या ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा अर्थ मर्यादित केला आणि दोन प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. पुढचा प्रश्न लग्नाचा. १९५४ चा विशेष विवाह कायदा आम्हालाही लागू करा, अशा याचिका गेल्या. २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत पाच न्यायाधीशांपुढे दहा दिवस सुनावणी झाली आणि १७ ऑक्टोबरला ‘सुप्रियो विरुद्ध भारत सरकार’ हा निकाल आला. पाचही जण म्हणाले, लग्न करण्याचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही आणि विशेष विवाह कायदा आम्ही बदलून लिहू शकत नाही. मग फाटा फुटला. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल म्हणाले, लग्न नाही तर नाही, पण अशा जोडप्याला एकत्र नांदण्याचा आणि त्या नात्याला सरकारकडून मान्यता मिळण्याचा हक्क आहे. न्यायमूर्ती भट, कोहली आणि नरसिंहा या तिघांनी तेही नाकारलं. तीन विरुद्ध दोन. पुनर्विचार याचिका २०२५ च्या जानेवारीत फेटाळल्या गेल्या.

बहुमतवाल्यांचा एक मुद्दा मला पटतो, तो आधी सांगतो. विशेष विवाह कायद्यात मुलाचं वय २१, मुलीचं १८. घटस्फोटाची काही कारणं फक्त बायकोसाठी आहेत. पोटगी बायकोला. ‘नवरा’, ‘बायको’ हे शब्द खोडून सरसकट ‘जोडीदार’ लिहिलं, तर बायकांना कष्टाने मिळालेलं संरक्षण निसटू शकतं. ही भीती खोटी नाही. ते काम संसदेने नीट बसून करायला हवं, हेही कबूल. पण मंडळी, काम अवघड आहे याचा अर्थ हक्कच नाही, असा होत नाही. विहीर खोल आहे म्हणून तहान नाही असं कुणी म्हणतं का?

आता खरा मतभेद. न्यायमूर्ती भट यांच्या निकालाचा पाया असा: लग्न ही समाजाची संस्था आहे, ती राज्यसंस्थेच्या आधीपासून आहे. राज्य तिला फक्त ओळख देतं, घडवत नाही. म्हणून नवी संस्था घडवून द्या असं न्यायालय राज्याला सांगू शकत नाही. लग्न आधी, कायदा नंतर. ऐकायला बरोबर वाटतं. माणसं कायद्याच्या आधीपासून लग्नं करतात, हे खरंच आहे. पण आज ज्याला आपण लग्न म्हणतो, ते कुणी घडवलं?

महाराष्ट्राचा इतिहास बघा. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी भटजीशिवाय लग्न लावलं. तेव्हाचा समाज म्हणाला, हे लग्नच नव्हे. पुढे रखमाबाईंचा खटला. अकराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी मोठी झाल्यावर म्हणाली, मी या माणसाकडे नांदायला जाणार नाही. १८८४ मध्ये नवरा कोर्टात गेला. १८८७ मध्ये निकाल झाला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. ती म्हणाली, कैद चालेल. गंमत बघा, बायकोला कोर्टाकडून नांदायला आणण्याचा हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हेच, तो इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून इथे आला. आणि आपले पुढारी त्यालाच परंपरा म्हणून कवटाळून बसले! १८९१ मध्ये संमतिवय दहाचं बारा केलं, तेव्हा धर्म बुडाला म्हणून पुण्यात सभा झाल्या.

गेवराई त्या काळी निजामाच्या राज्यात, म्हणजे हे सगळं आपल्यापासून लांब. मग जवळचं सांगतो. माझ्या आजोबांना दोन बायका होत्या. दोन्ही लग्नं वाजतगाजत झाली, गाव जेवलं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंतर तेच दुसरं लग्न बेकायदा ठरलं असतं. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, त्याच्यातूनच तुकड्यातुकड्यांनी हे कायदे आले. आज आपल्याला वाटतं, एक नवरा एक बायको ही आपली सनातन रीत. अहो, ही रीत माझ्याहून वयाने लहान आहे!

सरन्यायाधीशांच्या निकालात लग्न बदलत आल्याचा हा इतिहास आहे. विधवाविवाह, बालविवाह, सगळं आहे. पण इतिहास सांगून ते शेवटच्या पायरीपाशी थांबले. नात्याचा हक्क मान्य केला आणि तो वापरायचा कसा, हे ठरवायला सरकारी समितीकडे बोट दाखवलं. बहुमतानेही पेन्शन, भविष्यनिर्वाह निधी अशा बाबतीत अन्याय होतो हे कबूल केलं आणि तीच समिती पुढे केली. अन्याय दिसतो, पण उपाय दुसऱ्या कुणाच्या तरी दारात. दोन्ही निकालांचा दुबळेपणा मला इथे दिसतो. पुढे २०२४ मध्ये सरकारने एवढं स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना संयुक्त बँक खातं काढता येईल आणि रेशनकार्डासाठी एक कुटुंब धरता येईल. हे थोडं नाही. पण बघा, राज्य एका पत्रकाने कुटुंब ठरवू शकतं! मग संस्था राज्य घडवत नाही, हे म्हणणं कितपत टिकतं?

आता बीड जिल्ह्यात या. दसरा-दिवाळी झाली की आपली माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती कुणाला? कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. अशा घाईत किती मुलींची लग्नं अठराच्या आत होतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. शिक्षक, ग्रामसेवक, आपण सगळे पंगतीला असतो. लग्न ही केवळ पवित्र, निसर्गदत्त संस्था आहे, असं या जिल्ह्यात उभं राहून म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ती मजुरीची अट आहे, कर्जाचं तारण आहे, आणि हो, मायेचं घरही आहे. तिन्ही एकदम आहे.

मग तुम्ही म्हणाल, सर, हे खूळ तरी बाहेरून आलं ना? र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत होते. वाचक पत्रांतून लैंगिक प्रश्न विचारायचे, त्यात समलिंगी संबंधांचेही प्रश्न होते. कर्वे उत्तरं द्यायचे. अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण ते प्रश्न मराठीत, मराठी माणसांनी विचारले होते. आणि शहरी म्हणाल, तर शेजारच्या नेपाळात २०२३ च्या नोव्हेंबरात, कागदावर दोघेही पुरुष असलेल्या जोडप्याचं लग्न नोंदवलं ते लमजुंग जिल्ह्यातल्या एका ग्रामपालिकेने. काठमांडूने नव्हे.

‘कागदावर’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे तुम्हाला माहीत आहेत. २०१८ मध्ये मुंबईत त्यांची शस्त्रक्रिया झाली, नोंदी बदलल्या, २०२० मध्ये लग्न झालं. आपण सगळ्यांनी ती बातमी आनंदाने वाचली. त्यांचा प्रश्न समलिंगी विवाहाचा नव्हता, घोटाळा करू नका. पण या निकालातही पाचही न्यायाधीशांनी म्हटलंय की तृतीयपंथी व्यक्तीचं स्त्री-पुरुष नातं असेल तर ती आजच्या कायद्यात लग्न करू शकते. याचा अर्थ कायदा रकाना बघतो. एका रकान्यात ‘पुरुष’, दुसऱ्यात ‘स्त्री’ असलं की झालं. त्या दोन माणसांना एकमेकांची ओढ आहे का, हे कायदा विचारत नाही.

हे विचारलं जात नाही, याची किंमत काय असते ते सांगून थांबतो. हे मी आजवर कुठे बोललो नव्हतो. पंचवीसेक वर्षं झाली असतील. माझा एक हुशार विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. बराच वेळ घुटमळला आणि म्हणाला, ‘सर, मला मुलींबद्दल काही वाटत नाही. घरचे लग्नाचं बघतायत.’ तेव्हा मी कांट शिकवत होतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे वर्गात तळमळून सांगत होतो. आणि त्याला मी काय म्हणालो? ‘लग्न करून टाक. सगळं नीट होतं.’

त्याने माझं ऐकलं. लग्नाला मी होतो, अक्षता टाकल्या. दोन वर्षांनी ती मुलगी माहेरी परत आली. गावात तिलाच नावं ठेवली गेली. तो पुण्याला गेला तो गेलाच. तिथे एका मित्रासोबत संसार म्हणावा असा राहतो. मध्यंतरी मित्राला अपघात झाला. दवाखान्याच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ असा रकाना होता. तिथे काय लिहायचं, हे विचारायला त्याने रात्री मला फोन केला. मला उत्तर सुचलं नाही.

त्याच्यावर अन्याय झालाच. पण मला आता रात्री ती मुलगी जास्त आठवते. तिला साधन केलं गेलं: त्याच्या घरच्यांनी, त्याने आणि माझ्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने. आणि ते लग्न कायदेशीर होतं! त्यात कायद्याला काही खटकलं नाही. जे नातं खरं आहे त्याला रकाना नाही आणि जे खोटं होतं त्याला दाखला मिळाला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. हा प्रश्न समाजावर सोडा, असं निकालपत्र सांगतं. समाज म्हणजे कोण? मी, तुम्ही, अक्षता टाकणारे सगळे. आपल्यावर सोडलं तेव्हा आपण काय केलं, ते मी सांगितलं. संसदेने कायदा करावा, बायकांचं संरक्षण शाबूत ठेवून करावा, वेळ लागला तर लागू द्या. पण तोवर उद्या तुमच्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी घुटमळत येऊन बसली, तर कृपा करून माझं उत्तर देऊ नका. दुसऱ्या कुणाच्या मुलीचं आयुष्य औषध म्हणून वापरू नका. त्याला कायदा लागत नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. रागाचे असले तरी चालतील.