आज्ञावलींचे भाषांतर आणि अर्थाची निष्ठा : सायलॅब-स्थलांतराच्या संदर्भात

प्रस्तावना :
मराठीत भाषांतराचा विचार प्रामुख्याने साहित्यकृतींच्या अनुषंगाने झाला आहे. वैज्ञानिक संगणकीय भाषांतील आज्ञावलींचे भाषांतर मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिले. मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पाने हा विचार अपरिहार्य केला आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शैक्षणिक अभियानातून साकारलेल्या या प्रकल्पात पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे सायलॅब या मुक्त भाषेत उतरविली गेली, तसेच मॅटलॅबसारख्या सशुल्क प्रणालींवरील प्रात्यक्षिके सायलॅबमध्ये आणण्याचे कार्य हाती घेण्यात आले. वसई-विरारसारख्या परिसरातील विद्यार्थ्याला परवाना-शुल्काविना घरच्या संगणकावर सराव करता यावा, या दृष्टीने हे कार्य निश्चितच मोलाचे होय.

विवेचन :
या दोन भाषा वरकरणी सख्ख्या बहिणी वाटतात. टिपण्णीचे चिन्ह बदलले, ‘पाय’ या स्थिरांकापूर्वी टक्क्याचे चिन्ह लावले की भाषांतर झाले, असा समज त्यामुळे होतो. खरी अडचण समान शब्दांच्या भिन्न अर्थांत आहे. पहिल्या ओळीत १, २ आणि दुसऱ्या ओळीत ३, ४ असलेल्या मॅट्रिक्सची ‘सम’ या आज्ञेने बेरीज केल्यास मॅटलॅब प्रत्येक स्तंभाची बेरीज, म्हणजे ४ आणि ६, देते; सायलॅब मात्र सर्व संख्यांची बेरीज १० देते. आज्ञा तीच, दोषसूचना नाही, उत्तर मात्र वेगळे. एकाच ओळीतील संख्यांवर दोन्ही भाषांचे उत्तर सारखेच येत असल्याने, तेवढ्याच तपासणीवर विसंबणाऱ्यास हा दोष आढळत नाही.

सायलॅबमध्ये भाषांतराचे स्वयंचलित साधनही आहे. संदिग्ध ठिकाणी ते मॅटलॅबच्या वर्तनाचे अनुकरण करणारी, ‘एमटीएलबी’ हा उपसर्ग असलेली आज्ञा योजते. त्यामुळे उत्तर सुरक्षित राहते. परंतु आज्ञावलीवर मूळ भाषेची छाया राहते आणि विद्यार्थी सायलॅबची स्वतःची रीत शिकत नाही. साहित्यातील शब्दानुवादाची मर्यादाही हीच होय.

पाठ्यपुस्तकातील उदाहरणास छापील उत्तराचा आधार असतो. प्रयोगशाळेतील नव्या निरीक्षणांना तो नसतो. तेथे चुकीचे उत्तर थेट प्रयोगवहीत आणि पुढे निष्कर्षात उतरते. म्हणून केवळ अंतिम उत्तर जुळणे हा भाषांतराचा पुरेसा निकष ठरत नाही.

समारोप :
स्थलांतरित प्रात्यक्षिकासोबत अनेक ओळी-स्तंभांचे एक लहान उदाहरण हाताने सोडवून जोडणे आणि जेथे आज्ञेचा अर्थ बदलतो तेथे तशी टिपण्णी लिहिणे, ही जबाबदारी अध्यापकांनी स्वीकारणे अगत्याचे आहे. मुक्त प्रणालीने विद्यार्थ्याची आर्थिक अडचण दूर होते. उत्तर पारखण्याची दृष्टी मात्र त्याला अध्यापनातूनच मिळावयास हवी.