समाप्तीचा अधिकार : एका बालमालिकेच्या निमित्ताने

श्रावणातल्या कहाण्या ऐकताना मुठीत अक्षता धरून बसायचे आणि ‘सुफळ संपूर्ण’ हे शब्द कानी पडेपर्यंत मूठ उघडायची नाही, असा आपल्याकडे रिवाज आहे. कहाणी संपल्याखेरीज तिचे फळ नाही, ही समजूत त्या रिवाजाच्या मुळाशी आहे. ती वरवर धार्मिक दिसत असली, तरी वस्तुतः वाङ्मयीन आहे. कथेच्या अर्थाचा निर्णय तिच्या शेवटापाशी होतो, हेच ती निराळ्या भाषेत सांगते. परंतु ह्याच श्रोत्यांच्या नातवंडांनी दुसराही एक अनुभव घेतलेला आहे. १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या ‘चांदोबा’ मासिकात विक्रम राजा दशकानुदशके वेताळाला खांद्यावर घेऊन स्मशानाची वाट तुडवीत राहिला. मूळ ‘वेतालपंचविंशती’त राजा अखेरच्या कोड्यापाशी निरुत्तर होतो, वेताळ प्रसन्न होऊन कपटी साधूचे कारस्थान त्याला उघड करून सांगतो आणि कथाचक्र थांबते. ‘चांदोबा’तला राजा निरुत्तर होण्याचे नावच काढीना, कारण तो निरुत्तर झाला असता तर पुढल्या महिन्याचा अंक अडला असता.

बालवाङ्मयाचे हे दोन नमुने ध्यानात ठेवून मला येथे एका अमेरिकन चित्रमालिकेचा विचार करावयाचा आहे. ‘स्पंजबॉब स्क्वेअरपँट्स’ ही मालिका निकलोडियन वाहिनीवर १ मे १९९९ रोजी सुरू झाली, आणि पंचवीस वर्षे उलटून गेल्यावरही ती चालू आहे. तिच्या जनकाच्या मनाप्रमाणे झाले असते, तर ती २००४ सालीच संपली असती. ती तेव्हा संपली असती तर दूरचित्रवाणीचे काय झाले असते, हा प्रश्न तिचे चाहते मोठ्या हळहळीने विचारतात. जर-तरच्या प्रश्नांना इतिहासकार दारात उभे करीत नाहीत हे खरे. पण समीक्षकाने त्यांना इतके झिडकारू नये. एखाद्या कलाकृतीचा शेवट निराळा कल्पून पाहिल्यावाचून प्रत्यक्ष शेवटाचे मोल त्याला तरी कसे कळावे?

स्टीफन हिलेनबर्ग हे मुळात सागरी जीवशास्त्राचे शिक्षक. कॅलिफोर्नियातील डेना पॉइंट येथल्या सागरी संस्थेत मुलांना शिकवीत असताना भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील जीवांविषयी त्यांनी एक चित्रपुस्तिका काढली होती, आणि तीत बॉब नावाचा एक स्पंज निवेदकाचे काम करीत असे. पुढे ते सचेतपटाच्या शिक्षणाकडे वळले आणि जो मरे यांच्या ‘रॉकोज मॉडर्न लाइफ’ ह्या मालिकेवर काम करू लागले. ती मालिका १९९६ साली बावन्न भागांनंतर संपली. ‘स्पंजबॉब’ची तीन पर्वे झाली, प्रत्येकी वीस भागांची. मग मालिकेचे काम थांबवून चित्रपट करण्यात आला. तो नोव्हेंबर २००४ मध्ये प्रदर्शित झाला, आणि हा चित्रपट म्हणजेच मालिकेची अखेर अशी हिलेनबर्ग यांची योजना होती. चित्रपटाने जगभरात सुमारे १४ कोटी डॉलर मिळविले. असे धन देणारी गाय दाव्यातून सोडण्याची वाहिनीची तयारी नव्हती. दैनंदिन सूत्रे पॉल टिबिट यांच्या हाती देऊन हिलेनबर्ग बाजूला झाले. मे २००५ मध्ये चौथे पर्व सुरू झाले.

आता त्या चित्रपटाकडे पाहू. समुद्रतळाच्या गावात एका खानावळीत भटारखान्यात राबणाऱ्या स्पंजबॉबला नव्या शाखेचा व्यवस्थापक व्हावयाचे आहे. मालक ती जागा दुसऱ्याला देतो, कारण हा अजून ‘पोर’ आहे. मग आपल्या मंदबुद्धी पण निष्ठावंत मित्रासह तो एका दूरच्या, धोक्याच्या मुलखात जातो, राजाचा हरवलेला मुकुट आणतो, आणि अखेरीस आपण पोर आहोत हे मान्य करूनच गावावरचे संकट टाळतो. व्यवस्थापकपदही त्याला मिळते. मोठ्या माणसांच्या जगात पोरपणासह प्रवेश, असा हा शेवट आहे. साठ भाग जी एक गोष्ट नुसती विनोदाचे साधन म्हणून वापरली गेली होती, तिचे येथे आशयात रूपांतर होते. वाचकांनी हे ध्यानात घ्यावे की, पुढल्या वर्षी मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा स्पंजबॉब पूर्ववत तव्यापाशी उभा होता. मुकुट, प्रवास, पदोन्नती ह्यांपैकी कशाचीही खूण त्याच्या आयुष्यावर उरली नव्हती. कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणानंतर पुन्हा तिसरे प्रकरण लिहिण्यासारखाच हा प्रकार.

मर्ढेकरांनी लयीची जी तीन तत्त्वे सांगितली, त्यांपैकी संवाद आणि विरोध ही दोन ह्या मालिकेच्या प्रत्येक भागात सापडतील. स्पंजबॉबच्या अथक आनंदासमोर शेजारच्या स्क्विडवर्डचा अथक वैताग, हा तिचा मूलभूत विरोध होय. प्रश्न आहे तो समतोलाचा. २००१ सालचा ‘बँड गीक्स’ हा भाग पाहावा. सनई जातीचे एक वाद्य बेसूर वाजवणारा, स्वतःला कलावंत समजणारा आणि सदैव तोंडावर आपटणारा स्क्विडवर्ड आपल्या यशस्वी प्रतिस्पर्ध्यापुढे अब्रू राखण्यासाठी गावातल्या माणसांचा वाद्यवृंद उभा करू पाहतो. तालमीत सगळा विचका होतो. तो हार मानतो; आणि त्याच्या पाठीमागे गावकरी एकत्र येऊन ऐन प्रसंगी असे काही गातात की, प्रतिस्पर्ध्याला भोवळ येते. स्क्विडवर्ड हवेत उडी मारतो आणि चित्र तिथेच गोठते. साठ भागांच्या मालिकेत हा एक विजय पुष्कळ जड आहे. तिच्या सगळ्या विरोधाचा तोल तो एका क्षणात सावरतो. तीनशेहून अधिक भागांच्या मालिकेत मात्र तो एक सुखद अपघात ठरतो, कारण त्याच्या पुढे-मागे पराभवांची इतकी रास पडलेली आहे की तराजूचा काटा हालतच नाही. उत्तरकाळातील कित्येक भागांत स्क्विडवर्डचा छळ हा विनोद उरला नाही, निव्वळ छळ झाला, आणि स्पंजबॉबचा भाबडेपणा कर्कश झाला, असे माझे मत आहे. त्याचा दोष मी नंतरच्या लेखकांच्या अंगी असलेल्या-नसलेल्या गुणांना देत नाही. ज्या घाटाचा शेवट काढून घेतला आहे, त्यात समतोल साधणे कोणालाही अवघड जाईल.

म्हणजे २००४ सालचा शेवट कलेच्या दृष्टीने इष्ट होता. पण त्याने दूरचित्रवाणी बदलली असती काय? चाहत्यांचे उत्तर ठरलेले असते : वाहिनीच्या वेळापत्रकातली जागा मोकळी झाली असती आणि तिथे नवे, धाडसी काम फुलले असते. ह्या उत्तरावर माझा अर्धाच विश्वास बसतो. मोकळी जागा नेहमी प्रतिभेलाच मिळते असे नाही. बहुधा ती स्वस्त आणि बिनधोक मालाकडे जाते. त्या काळात निकलोडियनकडे ‘ड्रेक अँड जॉश’ (२००४), ‘झोई १०१’ (२००५) अशा जिवंत नटांच्या विनोदी मालिका हाताशी होत्याच. २००७ साली ‘आयकार्ली’ आली. स्पंजबॉब गेला असता तर त्याच्या खुर्चीवर ह्यांच्यापैकीच कोणी बसण्याचा संभव अधिक. शिवाय ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ स्पंजबॉब चालू असतानाच, फेब्रुवारी २००५ मध्ये आली, तीन पर्वे आणि एकसष्ट भाग अशी आपली आखलेली कथा पुरी करून जुलै २००८ मध्ये ती थांबली. तेव्हा एकाच घरात एक कथा सुफळ संपूर्ण होत होती आणि दुसरी संपू दिली जात नव्हती, ही वस्तुस्थिती आहे. ‘अवतार’च्या उत्तरकथेचे, ‘द लिजंड ऑफ कोरा’चे, प्रक्षेपण २०१४ मध्ये मधूनच दूरचित्रवाणीवरून काढून इंटरनेटवर ढकलले गेले, वाहिनीला नित्यनेमाचा प्रेक्षक कशाने मिळत होता आणि कशाने नाही, ते एवढ्यावरून दिसते.

खरा फरक मला वाहिनीपेक्षा कारागिरांत पडलेला दिसतो. ‘स्पंजबॉब’चे भाग मूळच्या पद्धतीत संहितेवरून रचले जात नसत. एक त्रोटक आराखडा स्टोरीबोर्ड काढणाऱ्या चित्रकारांच्या हाती दिला जाई, आणि संवाद, विनोद, दृश्यांची लय हे सारे तेच चित्रांबरोबर लिहीत. चित्रकाराला लेखक करणारी ही पद्धत हिलेनबर्ग यांनी शोधलेली नव्हे. ‘रॉको’च्या घरातही ती होती. त्या घरी तयार झालेले लोक पुढे पांगले. सी. एच. ग्रीनब्लॅट यांनी २००७ साली ‘चाउडर’ काढली; केंट ऑसबोर्न २०१० पासूनच्या ‘ॲडव्हेंचर टाइम’मधील एक प्रमुख लेखक झाले. २००४ साली हे घर कायमचे मोडले असते, तर असे आणखी किती संसार थाटले गेले असते, हे सांगता येत नाही. पण घर मोडल्याने काय होते ह्याचा एक दाखला समोर आहे, आणि तो खुद्द ‘स्पंजबॉब’चाच आहे. मरे यांनी ‘रॉको’च्या चौथ्या पर्वाचा बराचसा भार हिलेनबर्ग यांच्यावर सोपविला होता, १९९६ साली ती मालिका संपली आणि तिच्यातले डेरेक ड्रायमन, टिम हिल, आवाज देणारे टॉम केनी, डग लॉरेन्स हे लोक हिलेनबर्ग यांच्या नव्या कल्पनेभोवती जमले. ‘रॉको’ आणखी दहा वर्षे चालली असती, तर पुस्तिकेतला तो स्पंज पुस्तिकेतच राहिला असता. दुसऱ्याची मालिका शेवटास नेण्याचे काम ज्याने केले, त्यालाच स्वतःची मालिका शेवटास नेता आली नाही.

इथवर लिहून झाल्यावर मला माझ्या भाचीच्या सहा वर्षांच्या मुलाची आठवण होते. तो ही मालिका हिंदीतून पाहतो. एका संध्याकाळी त्याच्याबरोबर बसलो असता मी भाषांतरकाराच्या खोडीने विचारले, “हा भाग जुना की नवा?” त्याने माझ्याकडे असे पाहिले की, मी ‘ढग जुना की नवा’ असे विचारले असावे. त्याने तो भाग पहिल्यांदाच पाहिला होता. त्याच्यापुरता तो नवा होता. आमच्या साऱ्या सुवर्णयुगाच्या गप्पा ह्या एका नजरेपुढे जराशा ओशाळवाण्या होतात. २००४च्या शेवटाची मागणी करणारे बहुतेक सारे त्या वर्षी आठ-दहा वर्षांचे होते. मालिका संपावी असे म्हणताना, आपले बालपण जिथे संपले तिथेच ती थांबावी, अशी सुप्त इच्छा त्यात असते. बालवाङ्मयाचा वाचक दर पाच-सहा वर्षांनी बदलतो, आणि जो मागाहून जन्मला त्याला ‘चांदोबा’तल्या न संपणाऱ्या वेताळाविषयी तक्रार करण्याचे कारण नव्हते. आपला फास्टर फेणे पुस्तकामागून पुस्तके विद्यार्थीच राहिला. कोणाही वाचकाने भा. रा. भागवतांना त्याबद्दल जाब विचारल्याचे मला ठाऊक नाही.

परंतु त्यात एक भेद आहे. फास्टर फेणेला शाळेत ठेवायचे हे भागवतांनी ठरविले. सत्यजित राय १९६५ पासून फेलूदाच्या कथा लिहीत राहिले, आणि १९९२ साली त्यांच्याबरोबर त्या थांबल्या. कॉनन डॉइलने १८९३ साली होम्सला कड्यावरून लोटले, आणि वाचकांचा व प्रकाशकांचा तगादा सोसवेना तेव्हा १९०३ साली त्याला परत आणले; ते परत आणणे त्याच्या लेखणीने झाले, पुनरागमनाच्या बऱ्या-वाईटाचा धनी तोच. बिल वॉटरसन वर्षानुवर्षे आपल्या वितरकांशी भांडला आणि ‘कॅल्व्हिन अँड हॉब्स’ ही चित्रपट्टी त्याने ३१ डिसेंबर १९९५ रोजी स्वतः बंद केली. हिलेनबर्ग यांना हा पर्याय नव्हता. कथा त्यांची असली तरी मालकी वाहिनीची होती. २०१५च्या सुमारास ते मालिकेकडे पुन्हा आले, आणि एका असाध्य मज्जाविकाराने नोव्हेंबर २०१८ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी वारले. त्यांच्या हयातीत मालिकेला उपमालिका फुटली नाही. २०२१ साली दोन फुटल्या. दूरचित्रवाणीची मालिका हे आपल्या काळाचे प्रमुख कथारूप आहे असे म्हणणारे आपल्या विद्यापीठांत वाढत आहेत. कर्त्याच्या हाती शेवट नसलेल्या ह्या रूपाला आपण कादंबरीचे निकष कसे लावणार, ह्याचा विचार त्यांनी अजून केलेला दिसत नाही.

त्याच वेळी हेही नोंदविले पाहिजे की, न संपण्याचे काही लाभ मालिकेच्या पदरी पडले. २०१७ च्या डिसेंबरात ब्रॉडवेवर आलेल्या तिच्या संगीत नाटकाला टोनी पारितोषिकाची बारा नामांकने मिळाली, आणि नेपथ्याचे पारितोषिक मिळाले. २००४ साली मिटलेल्या मालिकेवर हे नाटक कदाचित रचले गेलेच नसते.

जो मरे यांनी २०१९ साली ‘रॉको’ला एका खास भागापुरते परत आणले. वीस वर्षे अवकाशात भरकटून रॉको आपल्या गावी येतो. दुकाने, दूरध्वनी, माणसे, सारे बदललेले असते, आणि जिच्या आधाराने त्याने इतकी वर्षे काढली ती त्याची लाडकी चित्रमालिका केव्हाच बंद पडलेली असते. तो तिच्या कर्त्याच्या शोधात निघतो. कर्ता भेटतो, पण तो आता स्त्री आहे. मालिकाही परत येते, पण तीत एक नवे पात्र आलेले असते. गावातले इतर लोक टाळ्या वाजवितात. रॉको एकटाच संतापून उठतो, आणि त्याला समजाविण्याचे काम मरे यांनी त्याच्या घरच्या कोणावर न सोपविता एका वाऱ्यावर सोपविले आहे.