बीदरचा पिरोजी रंग : एक अर्थविचार

इराणी वास्तूंवरील पिरोजी रंग म्हणजे आकाश किंवा स्वर्ग, असे समीकरण कलासमीक्षेत रूढ झाले आहे. हे मत सर्वस्वी चुकीचे नव्हे. परंतु ते अपुरे आहे, एवढेच प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

प्रथम शब्द पाहू. मराठीतील ‘पिरोजा’ हे रत्ननाम व ‘पिरोजी’ हे वर्णनाम फारसीतून आले. त्यांचा संबंध ‘विजयी’ या अर्थाच्या फारसी शब्दाशी जोडला जातो. अरबीत ‘प’ हा ध्वनी नसल्यामुळे ‘फिरोज’ हे रूप रूढ झाले. मराठी ‘पिरोजा’त मूळचा ‘प’ टिकला. नावात आकाश नाही, विजय आहे. बहामनी सुलतानांच्या ‘तख्त-इ-फिरोजा’चे वर्णन फिरिश्ता करतो, तेथे हा रंग राजसत्तेचा आहे.

आता वास्तू पाहू. गिलानहून आलेला बहामनी वजीर महमूद गावान याने १४७२ मध्ये बीदर येथे मदरसा बांधला. त्याची रचना व रंगीत कौलकाम इराणी वळणाचे आहे. इराणच्या रुक्ष, मातकट भूमीवर पिरोजी घुमट दुरून पाण्यासारखा भासतो. बीदरच्या लाल जांभ्याच्या पठारावर आल्यावर त्याच रंगाने पाण्याची आठवण देण्यापेक्षा इराणची ओळख सांगितली: येथे परदेशची विद्या वसते. मुंबईच्या १८६० मधील इराणी मशिदीच्या निळ्या कौलांचेही कार्य असेच आहे.

भाषेत शब्दाचे मूल्य इतर शब्दांशी असलेल्या विरोधातून ठरते, रंगाचेही तसेच. याला रसायनाचाही दाखला आहे. तांबे क्षारयुक्त झिलईत पिरोजी दिसते, तर शिशाच्या झिलईत हिरवे. द्रव्य एकच, परिसर बदलला की वर्ण बदलतो.

आमच्या देवरी भागात श्रावणात धानाच्या बांध्या क्षितिजापर्यंत हिरव्या असतात आणि तळी काठोकाठ भरलेली असतात. तेथे पिरोजी घुमट उभारला, तर तो तहानेची आठवण कोणाला देईल? म्हणून प्रतीकांची तयार यादी हाती घेऊन वास्तू वाचू नये. रंग कोणत्या भूमीवर उभा आहे, हे आधी पाहावे. बीदरच्या मदरशाची बरीचशी कौले आज गळून गेली आहेत. जी उरली आहेत, त्यांचा अर्थ तरी आपण घाईने ठरवू नये.