तिशीनंतर एकच वर्ष : फुटबॉलपटूचं वय आणि त्याचा करार

मंडळी, सुरुवात एका सामन्यापासून करू. १७ मे २००६, पॅरिसला लागून असलेलं स्ताद द फ्रान्स मैदान. चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, आर्सेनल विरुद्ध बार्सिलोना. अठराव्या मिनिटाला आर्सेनलचा गोलकीपर येन्स लेमन याला लाल कार्ड मिळतं. राखीव गोलकीपर आत आणायचा तर मैदानातल्या कुणाला तरी बाहेर काढावं लागणार. बोर्डावर सात नंबर झळकतो. रॉबेर पिरेस, वय ३२. फ्रान्सचा खेळाडू, सामना फ्रान्समध्येच, आणि वीस मिनिटं पुरी व्हायच्या आत तो बाकावर. आर्सेनलच्या शर्टातला तो त्याचा शेवटचा सामना ठरला.

त्याच वेळी त्याचा करारही संपत आला होता. क्लब एक वर्ष देत होता, त्याला दोन हवी होती. स्पेनच्या विलारेयालने दोन दिली, तो तिकडे गेला. आम्हाला आज बोलायचंय ते या मधल्या एका वर्षाबद्दल.

आर्सेन वेंगर यांचा तो गाजलेला दंडक होता: तिशी ओलांडलेल्या खेळाडूला एका वेळी एकाच वर्षाचा करार. डेनिस बर्गकॅम्पसारखा कलावंतसुद्धा वयाच्या सदतिसाव्या वर्षापर्यंत दर उन्हाळ्यात एकेक वर्ष वाढवून घेत राहिला. पॅट्रिक व्हिएरा २००५ मध्ये, थिएरी ऑन्री २००७ मध्ये, दोघंही एकोणतिशीत असताना विकले गेले. ‘सॉकरनॉमिक्स’ या सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांच्या पुस्तकाने तर या शहाणपणाला अर्थशास्त्राचा आधार दिला. बाजार वयस्क खेळाडूला त्याच्या लायकीपेक्षा जास्त किंमत देतो, तेव्हा वेळेत विका, असा त्याचा मथितार्थ. तेव्हापासून ही गोष्ट शहाणपणाची कथा म्हणून सांगितली जाते. आमचा आक्षेप त्या कथेला आहे.

नियम समजून न घेता त्याला झोडपणं सोपं आहे, तर आधी हिशेब बघू. समजा एका क्लबने बावीस वर्षांचा मुलगा ५ कोटी युरोला घेतला आणि ५ वर्षांचा करार केला. वहीत ते ५ कोटी एकदम पडत नाहीत. दर वर्षी १ कोटी असे पसरतात. शिवाय दोन वर्षांनी तो विकता येतो, कदाचित जास्त भावाने. बत्तीस वर्षांच्या माणसाच्या बाबतीत ही दुसरी बाजू रिकामी असते. त्याला पुढे कुणी विकत घेणार नाही, म्हणजे त्याचा पगार हा निव्वळ खर्च. त्याच उन्हाळ्यात आर्सेनलचं नवं एमिरेट्स मैदान उघडत होतं, कर्ज डोक्यावर होतं. वेंगर वेडे नव्हते.

पण मग हे बघा. जानेवारी २०२३ मध्ये चेल्सीने मिखायलो मुड्रिकशी साडेआठ वर्षांचा करार केला. एन्झो फर्नांडिसशीही तसाच. इतके लांब करार होऊ लागले की अखेर युएफाला नियम करावा लागला: करार कितीही वर्षांचा असो, खरेदीची रक्कम ५ वर्षांपेक्षा जास्त काळ पसरता येणार नाही. आता सांगा, बावीस वर्षांच्या पोराचा गुडघा आठ वर्षं टिकेल हे ज्यांना आज दिसतं, त्यांना बत्तीस वर्षांच्या माणसाचं फक्त दुसरं वर्ष दिसू नये? दिसतं हो. दोन्हीकडे शरीराचा धोका आहेच. फरक एवढाच की तरुणाचा धोका पत्करला तर परतावा मिळू शकतो, म्हणून तो क्लब घेतो. वयस्काचा धोका त्याच्याच अंगावर ढकलला जातो. आणि या ढकलण्याला आपण ‘निसर्गनियम’ म्हणतो. आम्हाला खटकतं ते हे.

वय हा आकडा खेळाच्या कायद्यातही शिरलेला आहे, हे फार जणांना माहीत नसतं. फिफाच्या नियमांत करारासाठी एक ‘संरक्षित काळ’ ठरवलाय, ज्यात करार मोडला तर पैशांच्या भरपाईवर भागत नाही, खेळण्यावर बंदीही येऊ शकते. अठ्ठाविसाव्या वाढदिवसाआधी सही केली तर हा काळ तीन वर्षांचा, नंतर केली तर दोन वर्षांचा. म्हणजे अठ्ठाविशी उलटली की तुमच्या गळ्यातली दोरी थोडी सैल होते. उपकार म्हणावा तर तसंही नाही, कारण तोवर पकडून ठेवण्यासारखा माल कमी झालेला असतो.

झां-मार्क बॉसमनचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९९० मध्ये त्याचा लीजशी करार संपला, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. करार संपला तरी क्लब सोडेना. तो कोर्टात गेला आणि १५ डिसेंबर १९९५ ला जिंकला. करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात मोफत जाऊ शकतो, हा हक्क त्याने मिळवून दिला. निकाल लागला तेव्हा त्याचं वय ३१. त्याच्या हक्कावर इतरांनी करोडो कमावले; त्याची स्वतःची खेळण्याची वर्षं तारखांमध्ये गेली.

याच निकालामुळे कुणी म्हणेल की एक वर्षाचा करार खेळाडूच्याही फायद्याचा आहे. दर वर्षी मोकळा, दर वर्षी नवा सौदा. खरं आहे, पण बाहेर कुणी वाट बघत असेल तरच. लुका मॉड्रिच रेआल माद्रिदमध्ये वर्षा-वर्षाने करार वाढवत राहिला, २०२५ च्या उन्हाळ्यात तिथून मिलानला गेला तेव्हा चाळिशीला टेकला होता. त्याला तेहतिसाव्या वर्षी बॅलन डी’ओर मिळालेलं. अशाला मोकळेपणा परवडतो. बाकीच्यांसाठी मोकळेपणा म्हणजे बिनकामाचा जुलै महिना.

आमच्या विरोधात जाणारं उदाहरणही सांगितलं पाहिजे. सर्जिओ रामोसला रेआल माद्रिदने २०२१ मध्ये एकच वर्ष देऊ केलं, पगारातही कपात सांगितली. त्याला दोन वर्षं हवी होती. शेवटी तो एक वर्षाला तयार झाला, तेव्हा त्याला कळलं की त्या प्रस्तावाची मुदतच संपलीय. हे त्याने निरोपाच्या पत्रकार परिषदेत स्वतः सांगितलं. पस्तिसाव्या वर्षी तो पॅरिसला गेला, दोन वर्षांचा करार मिळाला, आणि पोटरीच्या दुखण्यामुळे पहिला सामना खेळायला नोव्हेंबरची अखेर उजाडली. माद्रिदचा अंदाज बरोबर होता, असं कुणीही म्हणेल. म्हणू द्या.

पण आता पिरेसकडे परत येऊ. विलारेयालला पोचल्यावर मोसम सुरू व्हायच्या आतच, मैत्रीपूर्ण सामन्यात, त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. तो परतला मार्च २००७ मध्ये. म्हणजे एक वर्षाचा करार असता तर ते वर्ष जवळपास दवाखान्यात गेलं असतं, आणि उन्हाळ्यात तेहतीस वर्षांचा, नुकताच शस्त्रक्रियेतून उठलेला खेळाडू बाजारात उभा. आर्सेनलचं गणित किती अचूक, असं सगळे म्हणाले असते. पण त्याच्याकडे दुसरं वर्ष होतं. त्या २००७-०८ च्या मोसमात विलारेयाल ला लीगात दुसरी आली, बार्सिलोनाच्याही वर. पिरेस त्या संघात होता आणि पुढे २०१० पर्यंत तिथेच राहिला. ‘संपलेला’ खेळाडू आणि ‘सावरलेला’ खेळाडू यांत त्याच्या बाबतीत अंतर होतं एका सहीचं.

याचा पुढचा अध्याय आपल्याजवळ घडलाय. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि हाच पिरेस एफसी गोवाचा मुख्य आकर्षणाचा खेळाडू म्हणून फातोर्ड्याला उतरला. मोसमात चाळिशी पार करून एक्केचाळीस झाला. पुण्याला डेव्हिड त्रेझेगे, दिल्लीला देल पिएरो, केरळच्या गोलात ४४ वर्षांचा डेव्हिड जेम्स. आपण टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. पण टीका करायला बसलोय तर कबूल करू: तिकडे वय वजा होत होतं, इकडे तेच वय विकलं जात होतं. करार मात्र दोन-अडीच महिन्यांच्या स्पर्धेपुरता. खेळाडूच्या आजच्या पायांचं मोल दोन्हीकडे नीट कुणी केलंच नाही.

मुंबईच्या जुन्या ऑफिस संघांना आपण हौशी म्हणून नाक मुरडतो. रेल्वे, बँका यांच्या संघातून खेळणाऱ्याला कायम नोकरी मिळाली असेल तर तिशीनंतर संघातून नाव गेलं तरी मस्टरवर राहायचं. खेळ मध्यम दर्जाचा होता, हेही खरं. आणि अशी नोकरी सगळ्यांना मिळत नव्हती. पण म्हातारपणाची तरतूद खेळाच्या करारातच असू शकते, ही कल्पना युरोपातल्या श्रीमंत क्लबांपेक्षा तिथे जास्त रुजली होती.

हल्ली एक मधला मार्ग निघालाय: ठरावीक सामने खेळलात तर दुसरं वर्ष आपोआप. कागदावर छान. पण आकडा जवळ येऊ लागला की खेळाडूला बाकावर बसवायचं कोण ठरवतं? तोच क्लब, ज्याला ते दुसरं वर्ष द्यायचं नसतं. या कलमाचं काय करायचं, यावर तुमचं मत ऐकायला आवडेल. माईक मागच्या रांगेकडे द्या, तिथे दोन हात वर आहेत.