तोच चेहरा, तोच माणूस?

वर्गातल्या धड्यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्रे काढून घेणाऱ्या शिक्षकांची एक तक्रार हमखास ऐकू येते : पहिल्या चित्रातली मीना दुसऱ्या चित्रात मीना राहत नाही. नाक बदलते, गाल भरतात, वय दोन वर्षांनी पुढे सरकते. याचे कारण यंत्राच्या घडणीतच आहे. अनेक यंत्रांत प्रत्येक चित्र ठिपक्यांच्या निरर्थक गोंधळापासून सुरू होते आणि शब्दांच्या आधाराने त्यातून आकृती निवळत जाते. आधीची मीना अशा यंत्राच्या गावीही नसते. 'दोन वेण्यांची, निळा फ्रॉक घातलेली मुलगी' या वर्णनात बसणाऱ्या असंख्य मुलींपैकी दर वेळी एक निराळी समोर येते.

यावर उपाय निघाले आहेत. २०२२ साली मांडलेल्या 'ड्रीमबूथ' पद्धतीत तीन ते पाच चित्रे देऊन एक विशिष्ट व्यक्ती एका दुर्मीळ शब्दाशी बांधता येते. २०२४ मध्ये 'मिडजर्नी'ने पात्राचे नमुनाचित्र जोडण्याची सोय दिली. तक्रार मिटली असे वाटते. पण मूळ प्रश्न तसाच राहतो. 'तीच मीना' म्हणजे नेमके काय?

हा प्रश्न जिनिव्हातल्या एका शिक्षकाने १८४५ मध्येच हाताळला होता. रोडोल्फ ट्योप्फर (१७९९–१८४६) स्वतःची निवासी शाळा चालवी आणि तिथल्या मुलांच्या करमणुकीसाठी चित्रकथा काढी. आजच्या कॉमिक्सचा पूर्वज म्हणून त्याचे नाव घेतले जाते. मुखचर्येवरील आपल्या निबंधात त्याने चेहऱ्याच्या खुणांचे दोन वर्ग केले : कायमच्या आणि क्षणिक. नाकाची वा कपाळाची ठेवण कायमची. हसू, राग, भीती या क्षणिक. कायमच्या खुणांवरून माणसाची बुद्धी वा स्वभाव खात्रीने ओळखता येत नाही, क्षणिक खुणा मात्र त्या क्षणाच्या भावनेबद्दल फसवत नाहीत, असे त्याचे म्हणणे. चित्रकथा चालते ती पहिल्या खुणा टिकवून दुसऱ्या बदलत राहिल्यामुळे.

यंत्राची गफलत नेमकी इथे होते. नमुनाचित्रात कायमचे काय आणि क्षणिक काय, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. नमुन्यातली मीना हसत असेल, तर ते हसूही नाकाबरोबर पुढच्या चित्रांत येण्याचा धोका असतो. अपूर्णांकांच्या धड्यात भाकरीचे चार तुकडे करताना ती चुकते, गोंधळते, मग तिला उमगते. तिन्ही चित्रांत ती सारखीच हसत राहिली, तर चेहरा टिकला, पण धडा गेला. जे मूल स्वतः गोंधळलेले आहे, त्याला तिच्यात आपली सोबत सापडत नाही.

दुसरा धोका अधिक खोल आहे. हुशार मुलगा मागितला की बहुधा चष्मा येतो, गरीब मागितला की मळके कपडे. ज्या अनुमानाबद्दल ट्योप्फरने शंका घेतली, तेच यंत्र बिनदिक्कत करते. एका चित्रातला असा ठोकळेबाजपणा विसरला जाईल. तेच पात्र वर्षभर वर्गात वावरले, तर मुले तो सत्य म्हणून स्वीकारतील. सातत्य जितके पक्के, तितका पूर्वग्रहही पक्का.

आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' चौकड्यांचा कोट आणि धोतर यांवरून ओळखू येतो. पण आपला वाटतो तो सगळीकडे हजर राहून एकही शब्द न बोलण्यामुळे. त्याचे सातत्य पोशाखापेक्षा वागण्यात आहे. ते कोणत्याही नमुनाचित्रात भरता येत नाही. ते आधी कोणीतरी ठरवावे लागते.

म्हणून शिक्षकाने यंत्राकडे जाण्यापूर्वी कागदावर दोन रकाने आखावेत. मीनाचे काय कधीच बदलणार नाही, आणि या धड्यात तिच्यात काय बदलणार आहे? पहिल्या रकान्यात वेण्यांबरोबर तिची प्रश्न विचारण्याची खोडही असावी. मग चित्र यंत्राने काढले काय किंवा फळ्यावर खडूच्या चार रेघांनी काढले काय, मुले मीनाला ओळखतील. हे रकाने कोरे राहिले, तर ते यंत्र आपल्या सवयीने भरील, आणि ती सवय आपल्या वर्गात तयार झालेली नाही.