गावगाड्याबाहेरची माणसे

समाजशास्त्राच्या जन्माची गोष्ट पाठ्यपुस्तकांत ठरलेली आहे. फ्रान्समध्ये ऑग्यूस्त काँतने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शास्त्राला नाव दिले, इंग्लंडमध्ये हर्बर्ट स्पेन्सरने समाजाला सजीव देहाची उपमा दिली, मार्क्सने वर्गसंघर्षाकडे बोट दाखवले, एमिल दुर्खीमने १८९५ मध्ये अभ्यासाचे नियम लिहून काढले; आणि १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस मुंबई विद्यापीठात आले तेव्हा हे शास्त्र आपल्याकडे पोहोचले. माझा आक्षेप या शेवटच्या टप्प्याला आहे. विद्यापीठात विभाग निघणे म्हणजे शास्त्र सुरू होणे नव्हे. गेडिस येण्याआधीच मराठी माणसे समाजाची चिरफाड करत होती, आणि त्यांच्यात मतभेदही होते. त्या मतभेदांकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. मराठीतले समाजशास्त्राचे पहिले पुस्तक कोणते, असे मला विचारले तर मी याचेच नाव घेईन. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) त्याच्याही आधीचा आहे, पण तो मुळात एक आरोपपत्र आहे आणि आरोपपत्र म्हणूनच तो थोर आहे. आत्र्यांचा पिंड वेगळा. ते खतावणी मांडतात. काळी-पांढरी, वतन-वृत्ती, कारू-नारू अशी गावाचीच भाषा घेऊन ते दाखवतात की खळ्यावरच्या राशीतून कोणाला किती जाते, कशाच्या मोबदल्यात जाते आणि कुठे मोबदल्याशिवायच जाते. थोरली, मधली, धाकटी अशी बलुत्याची उतरंड त्यांनी ज्या बारकाईने नोंदवली, तिला तोड नाही. हे शब्द कुठल्याही परदेशी ग्रंथातून आलेले नाहीत.

दोघेही एकच प्रश्न विचारतात: कुणब्याचे पीक कोण खाते? फुल्यांच्या आरोपींत भटशाही आणि सरकारी कामगार आहेत. आत्र्यांच्या यादीत बलुतेदार, आलुतेदार, भिक्षेकरी आणि फिरस्ते येतात. एकाच हिशेबातून दोन निकाल निघाले, कारण कोणाला आत धरायचे आणि कोणाला बाहेर, हे दोघांनी वेगवेगळे ठरवले होते.

‘गाडा’ या रूपकाची मर्यादा मला इथे दिसते. स्पेन्सरच्या देहात जसा प्रत्येक अवयव काही कामाचा असतो, तसा गाड्यातही प्रत्येक भाग गाडा चालण्यासाठी असतो. जो भाग चालवत नाही तो ओझे ठरतो. (आत्र्यांनी स्पेन्सर वाचला होता की नाही हा माझा मुद्दा नाही, ती उपमा त्या काळाच्या हवेतच होती.) गाव हेच एकक धरले की गावात न राहणाऱ्या माणसाला जागाच उरत नाही. तो पाहुणा असतो, भिकारी असतो किंवा चोर असतो. ‘फिरस्ते’ हे प्रकरण वाचताना मला हेच जाणवत राहते. कैकाडी कणगी आणि टोपल्या विणतो, वडार विहिरी खणतो, घिसाडी अवजारे घडवतो. या कामांशिवाय शेती कशी झाली असती? पण माझ्या वाचनात त्या प्रकरणाचा तोल शेवटी नुकसानीकडेच झुकतो. गावातून गेलेले धान्य मोजले जाते. गावात आलेल्या कामाचे माप सैल पडते.

शिवाय ही माणसे भटकत का राहिली आणि त्यांचे धंदे का बुडाले, याची उत्तरे गावाबाहेर होती. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहत. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत आली आणि तो व्यापार मोडू लागला. जंगलाच्या कायद्यांनी शिकार, चराई, लाकूडफाटा यांवर बंधने आणली. ज्यांचे पोट फिरण्यावर होते त्यांचे फिरणेच संशयास्पद ठरले. गावाच्या वेशीवर उभे राहून पाहिले तर यातले काही दिसत नाही; फक्त वेशीशी आलेला उपाशी माणूस दिसतो.

सोलापूरकराला हा वाद पुस्तकी वाटत नाही. उत्तर हिंदुस्थानासाठी १८७१ मध्ये झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्याला लागू करण्याची वाट मोकळी झाली, आणि पुढे आमच्या शहरात सेटलमेंट उभी राहिली. तारेचे कुंपण, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायचे तर पास. आतल्या माणसांना कापडगिरण्यांत कामाला पाठवत. गिरण्यांना मजूर हवे होते आणि सरकारला पहारा. दोघांची सोय झाली. आज त्या भागाला आम्ही ‘सेटलमेंट’ हे पत्त्यातले नाव म्हणून सहज वापरतो. रिक्षावाल्याला सांगताना त्या शब्दाचा अर्थ मनात येत नाही.

दुर्खीमने १८९३ मध्येच असा विचार मांडला होता की कृत्य मुळात गुन्हा असते म्हणून समाज त्याचा धिक्कार करत नाही. समाज धिक्कार करतो म्हणून ते गुन्हा ठरते. पॅरिसमधले हे तत्त्व सोलापुरात कायद्याने एक पाऊल पुढे नेले. इथे कृत्याचीही गरज राहिली नाही, जन्म पुरला. आत्र्यांवर या कायद्याचे खापर फोडणे अन्यायाचे होईल. तो त्यांनी केला नव्हता. पण गावगाड्यात ज्याची नोंद ओझे म्हणून झाली, त्याला कुंपणात घालताना सुशिक्षित मराठी वाचकाला फारसे काही खटकले नाही.

‘गावगाडा’ निघाला त्याच्या पुढच्याच वर्षी, ९ मे १९१६ रोजी, पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातींच्या उगमावर निबंध वाचला. त्यात सेनार, नेस्फिल्ड, रिस्ले यांच्या व्याख्या तपासून बाजूला ठेवल्या आहेत. ‘ज्ञानकोश’कार श्रीधर व्यंकटेश केतकरांचे १९०९ चे पुस्तक मात्र ते आदराने घेतात, कारण केतकर जातींचा विचार परस्परसंबंधात करतात. आंबेडकरांचे एकक गाव नाही, धंदाही नाही. लग्नाची चौकट आहे. बंदिस्ती वरून सुरू झाली; खालच्यांनी काही अंशी तिचे अनुकरण केले, काही अंशी ती त्यांच्या माथी आली. अनुकरणाच्या मुद्द्यासाठी त्यांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आधार घेतला, पण बालविवाह, सक्तीचे वैधव्य आणि सती यांना एकाच यंत्रणेचे भाग म्हणून जोडणे हे त्यांचे स्वतःचे.

फरक इथे पडतो. आत्र्यांच्या मांडणीत बाहेरचा माणूस बाहेरून येतो. आंबेडकरांच्या मांडणीत ‘बाहेर’ हे आतल्यांनी तयार केलेले असते. वीस वर्षांनी, १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये, जन्मजात गुन्हेगार म्हणून जगणाऱ्या जमातींचा प्रश्न त्यांनी सरळ हिंदू समाजासमोर ठेवला. या लोकांना जवळ करायचे तर जात आड येते, हे त्यांचे उत्तर. १९१६ च्या सूत्राचा हा थेट विस्तार आहे, आणि तो अभ्यासक्रमात क्वचितच तसा शिकवला जातो. गोविंद सदाशिव घुर्ये यांचे ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ १९३२ चे. विद्यार्थी तिथून सुरुवात करतात. घुर्यांचे मोल मोठे आहे, पण सोळा वर्षे आधीचा निबंध ‘राजकारण’ म्हणून दुसऱ्या कपाटात ठेवणे हे निव्वळ आळशीपणाचे लक्षण आहे.

भटक्यांच्या बाजूने खतावणी लिहिली जायला स्वातंत्र्यानंतरही बराच काळ लागला. कायदा देशभरातून १९५२ मध्ये रद्द झाला. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ती साहित्याच्या वर्गात गेली. ‘उपरा’ शेजारी ठेवून ‘गावगाडा’तले ‘फिरस्ते’ वाचावे. तेच गाव, तीच वेस, तीच टोपली. फक्त एका पुस्तकात टोपली विकत घेणारा बोलतो आहे, आणि दुसऱ्यात ती विणणाऱ्याचा मुलगा.